भांडणात माझा वाटा कोणता?

अभ्यासासाठी वचने: उत्पत्ती ३:८-१९, उत्पत्ती १६:१-६, १ शमुवेल २५:२-३७, मत्तय ७:३-५, गलतीकरांस पत्र ६:१-५



पती-पत्नीचे भांडण बहुधा एकाच प्रश्नावर अडते: सुरुवात कोणी केली? इथे बेहाल्यात, गावापासून दूर राहणाऱ्या मराठी घरांत, समजूत घालायला वडीलधारी माणसे जवळ नसतात. नवरा आपल्या आईला फोन लावतो, बायको आपल्या आईला. दोघांनाही एकच निकाल ऐकायला मिळतो: चूक तुझी नाही. पवित्र शास्त्र मात्र वेगळा प्रश्न विचारते: यात तुझा वाटा कोणता?

१. देव प्रत्येकाला वेगळे विचारतो

एदेन बागेत आदामाने पत्नीकडे बोट दाखवले, आणि ती देवानेच दिली होती असे म्हणून देवालाही त्यात ओढले. हव्वेने सापाकडे बोट दाखवले. देवाने दोघांचेही ऐकून घेतले, पण निकाल एकत्र दिला नाही. प्रत्येकाला त्याच्या कृतीचा परिणाम वेगळा सांगितला. आपले कर्ज दुसऱ्याच्या नावावर लिहिल्याने ते फिटत नाही.

२. जबाबदारी टाळली की तिसऱ्याला भोगावे लागते

हागारेची योजना सारायची होती आणि अब्रामाने ती मान्य केली होती. घरात तेढ वाढल्यावर सारायने अब्रामाला दोष दिला. अब्रामाने, दासी तुझी आहे, तुला वाटेल ते कर, असे सांगून अंग काढून घेतले. शेवटी रानात पळून जावे लागले ते गरोदर हागारेला. आज आईवडील एकमेकांवर दोष ढकलतात तेव्हा दाराआड गप्प बसलेले मूल हीच किंमत देत असते.

३. आपला भार आणि दुसऱ्याचा भार

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो (वचन २), आणि लगेच, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा असेही म्हणतो (वचन ५). यात विरोध नाही. जोडीदाराच्या आजारपणात, काळजीत, थकव्यात हात द्यायचा. पण माझा राग, माझे कठोर शब्द, माझा अबोला यांचा जाब मीच द्यायचा. “तू तसे बोललीस म्हणून मी ओरडलो” हे वाक्य पश्चात्तापाचे नाही. “मी ओरडलो, ते चुकले” हे आहे.

४. जबाबदारी घेणे म्हणजे अन्याय झाकणे नव्हे

नाबाल उर्मट होता. त्याने दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद चारशे माणसे घेऊन निघाला. अबीगईलने नवऱ्याची चूक नाकारली नाही, पण हातावर हात ठेवूनही बसली नाही. आपल्याला करता येईल ते तिने केले आणि घर वाचवले. त्या रात्री नाबाल मद्याच्या नशेत होता, म्हणून ती काही बोलली नाही. सकाळी तो शुद्धीवर आल्यावर तिने सारे सांगितले. खरे बोलायचे, पण योग्य वेळी.

जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत, तिथे “माझा वाटा” शोधत सहन करत राहू नये. मार खाणाऱ्यावर मारणाऱ्याच्या पापाचा दोष नाही. अशा वेळी सुरक्षित जागी जावे, विश्वासू माणसांना सांगावे, संकटात ११२ वर फोन करावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा याच संरक्षणासाठी आहे.

५. आपल्याच भाषेतील एक उदाहरण

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले आणि काही वर्षे ती दोघे वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई काही काळ आपले सोवळे पाळत होत्या. जातिभेद सोडण्याचा निर्णय त्यांनी स्वतः विचार करून घेतला, आणि नंतर बाप्तिस्माही घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी पतीचा तापट स्वभाव लपवलेला नाही, पण त्या स्वतःच्या हट्टावर आणि भाबडेपणावरही मनमोकळ्या हसतात. दोघांचा वाटा ज्याचा त्याच्या नावावर राहतो, म्हणूनच ते पुस्तक तक्रारीचे वाटत नाही.

मननासाठी प्रश्न

• मागील भांडणात मी उच्चारलेला कोणता शब्द मला परत घ्यायचा आहे?
• मी क्षमा मागताना “पण” हा शब्द वापरतो का?
• आमच्या भांडणाची किंमत घरात आणखी कोण देत आहे?

या आठवड्यासाठी

कागदावर फक्त स्वतःचा वाटा लिहा. जोडीदाराचा एकही दोष लिहू नका. मग शांत वेळ पाहून तेवढेच त्यांना सांगा आणि उत्तराची अट घालू नका. समोरूनही कबुली येईल असे वचन कोणी देऊ शकत नाही. आपल्या डोळ्यातील मुसळ आधी काढावे असे प्रभूने सांगितले, ते यासाठी की त्यानंतरच नीट दिसू लागते.

प्रार्थना: हे प्रभू, माझा वाटा मला दाखव, तो कबूल करण्याचे धैर्य दे, आणि आमच्या घरात तुझी शांती नांदू दे. आमेन.