उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते तेव्हा

वाशीम तालुक्यातील अनसिंग व त्याच्या आसपासच्या गावांत सोयाबीनची पेरणी व डवरणी आटोपली म्हणजे ट्रॅक्टरला फारसे काम उरत नाही. पुढे सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीस येते. मळणीयंत्र जोडून चावी फिरवावी, तर ‘टक्’ असा आवाज होऊन सर्व शांत होते. शेंगा वाळून तडकू लागलेल्या, आभाळ भरून आलेले, अशा वेळी शेतकरी घाईने नवी बॅटरी विकत आणतो. परंतु वीज गाडीतच कोठे झिरपत असेल, तर नवी बॅटरीही आठ-दहा दिवसांत तशीच उतरते. याकरिता खर्च करण्यापूर्वी दोष बॅटरीत आहे की गाडीत, हे ठरविणे अगत्याचे आहे.

प्रथम बॅटरीची परीक्षा करावी. ती पूर्ण भारित करून, ऋण बाजूची केबल सोडून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी मीटरने दाब मोजल्यास सुमारे 12.6 व्होल्ट आढळला पाहिजे. 12.2 व्होल्ट म्हणजे भार निम्म्यावर आला असे समजावे. केबल सुटी असतानाही दाब असा झपाट्याने घसरत असेल, तर दोष बॅटरीतच आहे. मात्र तिला मोडीत काढण्याची घाई करू नये. वरच्या बाजूस धूळ व आम्लाचा ओलसर थर साचला असेल, तर त्यातूनही दोन्ही अग्रांमध्ये वीज वाहते. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो थर पुसावा व पुन्हा मोजावे. बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरते, ही समजूत आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीबाबत खरी नाही.

बॅटरी निर्दोष ठरली, तर गाडीकडे वळावे. चावी व सर्व दिवे बंद करावेत. मीटर 10 अँपिअरच्या मापावर लावून त्याची काळी तार बॅटरीच्या ऋण अग्रास व तांबडी तार सोडलेल्या केबलला जोडावी. मीटर जोडलेला असताना चावी मुळीच फिरवू नये. स्टार्टरचा प्रवाह मीटर जाळून टाकील. साध्या, जुन्या बांधणीच्या ट्रॅक्टरमध्ये आकडा जवळजवळ शून्य असावा. घड्याळ अथवा इलेक्ट्रॉनिक उपकरणे असलेल्या गाडीत थोडा प्रवाह वाहतोच. अशा गाडीत अर्धा तास थांबून मग वाचन घ्यावे. 50 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह आढळल्यास शोध घेणे भाग आहे. 5 वॅटचा एक लहानसा दिवा चोवीस तासांत सुमारे 10 अँपिअर-तास वीज खातो. 88 अँपिअर-तासांची बॅटरी त्यावर नऊ दिवसही पुरत नाही.

आता एकेक फ्यूज काढून मीटरकडे पाहावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येईल, त्याच वाटेवर दोष आहे. ब्रेकच्या दिव्याचा अडकलेला खटका व उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही नेहमीची कारणे होत. आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार दिसते, ते म्हणजे हौसेने बसविलेले गाण्याचे यंत्र. त्याची तार चावीला वगळून थेट बॅटरीस जोडलेली असते. ती चावीच्या वाटेने व फ्यूज घालून घ्यावी. गाणे ऐकण्यास कोणाची हरकत नाही.

कोणताही फ्यूज काढून फरक न पडल्यास अल्टरनेटरचा संशय घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर पहाटे हातास कोमट लागला, तर त्यातील डायोड बिघडून वीज उलट वाहत असण्याचा संभव फार. खात्रीसाठी प्रथम मीटर व ऋण केबल बॅटरीपासून अलग करावी, मग अल्टरनेटरची जाड तार सोडून तिचे टोक गुंडाळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा शून्यावर आल्यास अल्टरनेटर कारागिराकडे न्यावा.

या कामात बॅटरीजवळ विडी वा काडी पेटवू नये, कारण तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. केबल सोडताना ऋण आधी व जोडताना ऋण शेवटी, हा क्रम पाळावा. इंजिन चालू असताना बॅटरी सोडू नये.

दोष दूर झाल्यावरही पावसाळ्यात गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास बॅटरी पूर्ण भारित करून ऋण केबल सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा दाब पाहावा. 12.4 व्होल्टच्या खाली गेल्यास पुन्हा भारित करावी. उतरलेल्या स्थितीत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो व तो पुढे सहसा सुटत नाही.