हप्त्याने डोंगर घेताना

म्हसा, सिद्धगड, माळशेज या पट्ट्यात डोंगरउताराची जागा घेऊन शनिवार-रविवार तिथे घालवावा, असं कल्याण-डोंबिवलीच्या अनेक नोकरदारांना वाटतं. मुरबाड तालुक्यात मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेले मामा आणि डोंबिवलीत नोकरी करणारी त्यांची भाची यांचं हे बोलणं.

भाची: मामा, म्हशापासून जवळच 11 गुंठे मिळतायत. मागे डोंगर, खाली ओढा. झाडं लावू, तंबू ठोकू. अशा जागेला बँक काही कर्ज देत नाही, पण मालक थांबायला तयार आहे. निम्मे आत्ता, बाकीचे दोन वर्षांत. हप्ते फिटले की खरेदीखत.

मामा: हप्त्यांचं मागून. सातबारा काढलास?

भाची: हा बघा, मोबाइलवर. मालकाचंच नाव आहे.

मामा: मालकाबरोबर आणखी चार नावं आहेत, त्यात दोन बहिणी. लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांचा हिस्सा जात नाही. सगळ्यांच्या सह्या लागतील. आता उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना वाच. इथे कुठे 'खाजगी वन' किंवा 'कलम 35(3)' दिसतं का?

भाची: नाही. दिसलं असतं तर?

मामा: तर तिथेच थांबायचं. खाजगी वनं सरकारकडे घेणारा कायदा 30 ऑगस्ट 1975 ला लागू झाला. वनखात्याच्या जुन्या नोटिशींच्या नोंदी ठाणे-रायगडच्या कितीतरी सातबाऱ्यांवर अजून आहेत. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेजच्या खटल्यात सांगितलं. पण आपल्या गटाची नोंद उडवायला आपल्यालाच झगडावं लागतं. हौसेच्या जागेसाठी तो व्याप घेऊ नये. बरं, मालक आदिवासी आहे का? ठाकर, कातकरी, महादेव कोळी?

भाची: नाही, कुणबी आहेत. पण शेजारचा गट एका ठाकर कुटुंबाचा आहे. एजंट म्हणाला, तो स्वस्तात पडेल, नुसतं मुखत्यारपत्र करू.

मामा: त्याच्या नादी लागू नकोस. महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिच्याआधी शासनाची मान्यता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी असेच अंगठे घेऊन या लोकांच्या जमिनी गेल्या, म्हणून 1974 मध्ये त्या परत देण्याचा कायदा करावा लागला. आपण पुन्हा तेच करायचं नाही.

भाची: नाही करणार. मग हे 11 गुंठे घेऊ?

मामा: ते बसत नाहीत. तुकडेबंदीत जिरायतीला किमान 20 गुंठे, बागायतीला 10. 2023 मध्ये तसं ठरलं. ही जमीन वरकस, नाचणी-वरईची. एजंट म्हणेल, सामायिकात नाव लावतो. मग पंचवीस अनोळखी माणसांबरोबर एका सातबाऱ्यावर बसशील आणि तुझे 11 गुंठे कुठले, ते कोणालाच सांगता येणार नाही.

भाची: अख्खा गट 32 गुंठ्यांचा आहे. आणखी एक मैत्रीण तयार आहे.

मामा: तिच्या घरी शेती आहे? नाही ना? कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. व्यवहार अवैध ठरला तर जमीन सरकारजमा करायचीही तरतूद आहे. तुझ्या वडिलांचा जुन्नरचा सातबारा आहे, त्यांच्या नावाने घ्या. आणि बंगल्याचा विचार सोड. फार्महाऊसला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे एकरभर जागा लागते.

भाची: बंगला नकोच आहे. आता हप्त्यांचं सांगा.

मामा: तुझ्या मालकाच्या पद्धतीत दोन वर्षं तुझ्या हातात फक्त साठेकरार राहणार. साठेकराराने मालकी येत नाही. मुखत्यारपत्राची जोड दिली तरी येत नाही, हे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. मधल्या काळात मालक वारला, भाऊबंदकी उठली, कोणी जास्त पैसे देऊन स्वतःच्या नावे करून घेतलं, की तू कोर्टात. तिथेही ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. नोटरीच्या कागदावर तर पैसाही देऊ नकोस.

भाची: पण पैसे पुरते मिळाल्याशिवाय तो तरी खरेदीखत का करून देईल?

मामा: त्याची भीतीही खरी आहे. जमीन हातची गेली आणि शहरातला माणूस फोन उचलेनासा झाला, असं इथल्या शेतकऱ्यांनी सोसलंय. त्यावर उपाय असा: आधी खरेदीखत, आणि लगोलग उरलेल्या रकमेचं मालकाच्या नावे गहाणखत. ताबा तुझ्याकडे, बोजा सातबाऱ्यावर. हप्ते थकले तर त्याला वसुलीचा हक्क. फिटले की बोजा कमी. गहाणखताचं मुद्रांक शुल्क वेगळं पडेल, ते पडू दे.

भाची: आणि विसार? तो रोख मागतोय.

मामा: 20,000 किंवा जास्त रोखीने घेऊ नये, असा आयकराचा नियम आहे. बँकेतूनच दे. त्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत घे, आणि जागेवर जायची वाटही तपास. डोंगरावर जाणारी पायवाट नेहमी दुसऱ्याच्याच बांधावरून असते. ती कागदावर आहे का, हे शेजाऱ्याला विचार, एजंटला नको. ओढा कधी पाहिलास?

भाची: जुलैत.

मामा: मे महिन्यात परत जा. इथून जवळच्या शहापुरातली भातसा आणि तानसा मुंबईला पाणी देतात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. त्या उन्हात जागा आवडली, पाचही जणांनी सह्या केल्या आणि मुरबाडच्या दुय्यम निबंधकाकडे दोन्ही दस्त एकाच दिवशी नोंदवायला मालक तयार झाला, तरच घे. यातलं एक जरी अडलं, तर विसार देऊ नकोस.