अंड्यातील पिलू आणि दोन अंतःस्राव

कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यातून एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु त्या अखेरच्या दिवसांत कवचाच्या आत काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तोच आपण येथे थोडक्यात करू.

पिलाच्या शरीरातील दोन ग्रंथी या कामी महत्त्वाच्या आहेत. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी वाढीचे हॉर्मोन स्रवते. मानेच्या तळाशी असलेली अवटुग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, थायरॉक्सिन स्रवते. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यांतील एक ठराविक अणू निघाला म्हणजे टी-३ हे अधिक प्रभावी हॉर्मोन तयार होते.

उबवणीच्या शेवटच्या आठवड्यात रक्तातील थायरॉक्सिन वाढत जाते. टी-३ मात्र कमीच राहते. कारण यकृतातील एक एन्झाइम त्याचा नाश करीत असते. येथे वाढीचे हॉर्मोन उपयोगी पडते. त्याच्या प्रभावाने या एन्झाइमचा जोर ओसरतो. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू हवेच्या कप्प्यात चोच खुपसून श्वास घेऊ लागते, आणि त्याच सुमारास टी-३ झपाट्याने वाढते. फुप्फुसे कामास लागतात, उरलेला बलक पोटात ओढला जातो, अंगात ऊब निर्माण करण्याची शक्ती येऊ लागते.

नाव वाढीचे असले, तरी अंड्यातील वाढ या हॉर्मोनवर फारशी अवलंबून नसते. त्याचा खरा अंमल जन्मानंतर चालतो. ठेंगू कोंबड्यांच्या एका वाणात हे हॉर्मोन रक्तात भरपूर असते, पण ते स्वीकारणारी पेशींवरील यंत्रणाच सदोष असते. म्हणून वाढ खुंटते आणि टी-३ही कमी राहते. नुसता स्राव असून भागत नाही, तो स्वीकारलाही जावा लागतो, हा यातला बोध.

आता आपल्या घराकडे वळू. मनुष्याच्या अर्भकालाही थायरॉक्सिन हवेच. विशेषतः मेंदूच्या वाढीसाठी. जन्मतः ते कमी असले, तरी मूल वरवर निरोगीच दिसते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतील रक्ताचा थेंब तपासला, तर ही उणीव कळते. आणि दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले, तर मुलाची बुद्धी सहसा निकोप वाढते. विलंबाने झालेली हानी मात्र पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून घरात पाळणा हलेल, तेव्हा बारशाच्या तयारीआधी या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, एवढीच आमची विनंती.