टेकूशिवायचा घोडा

निखिल : आत्या, एसएसपीएमएस शाळेच्या मैदानातला शिवरायांचा पुतळा केला कोणी?

आत्या : पुण्यात राहून हे विचारतोस? अर्थात, पुतळ्याखाली पाहुण्यांचीच नावं मोठी असतात म्हणा. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर. जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवण्याचा. पोरवयात त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले होते. ऑटो रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरानं ते पाहिलं आणि पोराची रवानगी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये केली. पुढे कलकत्ता, लंडन.

निखिल : आणि तिथून थेट हा पुतळा?

आत्या : थेट कसला! कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, पुढच्याच वर्षी महाराज गेले. काम आधी शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांकडे होतं, ते रेंगाळलं. मग शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराजांनी ते करमरकरांवर सोपवलं. अनावरण जून १९२८ मध्ये.

निखिल : संगमरवरात का नाही केला?

आत्या : घोडा आहे ना! दगडी घोड्याच्या पोटाखाली बहुधा झाडाचा बुंधा किंवा खांब दिसेल. बारीक पायांवर एवढं धूड ठेवलं तर दगड तडकतो. ब्राँझ ताण सोसतं, शिवाय ते आतून पोकळ असतं.

निखिल : वजन कमी करायला?

आत्या : वजन, पैसा, दोन्ही. पण मुख्य अडचण ओतकामातली. जाड धातू निवताना बाहेरून आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो, की पडल्या भेगा. म्हणून साच्याच्या आत गाभा बसवायचा आणि दोघांमधल्या फटीत रस ओतायचा. हवा निघायला वाटा ठेवायच्या, नाहीतर बुडबुडे अडकतात. एवढं ओतकाम साध्या भट्टीत कुठलं व्हायला? ते मुंबईत माझगाव डॉकमध्ये झालं.

निखिल : मग शिल्पकार मातीचा नमुना करण्यापुरताच?

आत्या : छे रे! मातीत जी शीर चुकली ती ब्राँझमध्येही चुकलेलीच राहते. तरी मला विचारशील तर करमरकर पाहावेत ते सासवण्यात. १९६७ मध्ये ते गेले. घराचं आता संग्रहालय आहे. तिथली सिमेंटची म्हैस बघ. मला ती या घोड्याहून सरस वाटते. स्मारकाला समिती असते, संस्थानिक असतो, अनावरणासाठी गव्हर्नरची तारीख असते. म्हैस त्यांनी स्वतःच्या मर्जीनं केली.

निखिल : रविवारी जाऊन येऊ?

आत्या : पेणवरून अलिबाग, तिथून मांडव्याचा रस्ता. पहाटे निघशील तर येते.