शास्त्रज्ञांची साक्ष आणि देवाचें अस्तित्व

(पाठ: इब्री लोकांस पत्र ११:१-३, योहान ९, १ थेस्सलनीकाकरांस ५:२१)

आमच्या पनवेल तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून मुलें-मुली आतां कॉलेजांत जातात, ही देवाची कृपाच आहे. परंतु पुस्तकांबरोबर कधीं कधीं एक प्रश्नही घरीं येतो. अशाच एका घरीं मुलानें आईस विचारिलें, "आई, मोठमोठे शास्त्रज्ञ देवास मानीत नाहींत. मग आपणच कां मानावें?" आईनें उपदेशकांस बोलाविलें. त्यांनीं उत्साहानें सांगितलें कीं, न्यूटन आस्तिक होता आणि आइन्स्टाइनही आस्तिक होता. मुलगा वाचणारा होता. तो म्हणाला, "आइन्स्टाइन विश्वाच्या सुसंगतींत दिसणाऱ्या देवाविषयीं बोलत असे, प्रार्थना ऐकणारा देव त्यास मान्य नव्हता." उपदेशक गप्प झाले, आणि पुढील रविवारीं मुलगा उपासनेस आला नाहीं.

या गोष्टीवरून आम्हांस हा पाठ लिहावासा वाटला. उपदेशकांचा हेतु चांगला होता, पण त्यांनीं हातीं घेतलेली काठी कुजकी होती.

पहिली गोष्ट अशी कीं, डोकीं मोजून सत्य ठरत नाहीं. जेम्स ल्यूबा नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९१४ सालीं अमेरिकेंतील एक हजार शास्त्रज्ञांस विचारिलें कीं, प्रार्थना ऐकणाऱ्या देवावर तुमचा विश्वास आहे काय? शेंकडा सुमारें ४२ जणांनीं होकार दिला. १९९६ सालीं दुसऱ्या विद्वानांनीं तोच प्रश्न पुन्हां विचारिला, तेव्हां होकार देणारे शेंकडा सुमारें ३९ निघाले. ऐंशीं वर्षांत विज्ञान कोठच्या कोठें गेलें, पण हा आंकडा फारसा हालला नाहीं. मात्र १९९८ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या निवडक सभासदांस विचारिलें असतां शेंकडा सुमारें ७ जणांनींच होकार दिला. हा आंकडा आम्ही लपवीत नाहीं. कारण आपला विश्वास अशा मतमोजणीवर उभा असेल, तर पुढील मोजणींत तो पडेल. शिवाय ज्या न्यूटनाचें नांव आपण अभिमानानें घेतों, तो देवभक्त असूनही त्रैक्याचें मत मानीत नसे. मग त्यास आपल्या बाजूस मोजावें कीं विरुद्ध बाजूस?

साक्ष ज्या विषयाची, त्या विषयाचा साक्षीदार पाहिजे. जमिनीच्या तंट्यांत मोजणीदारास बांधाची हद्द विचारतात, व त्याचें म्हणणें मान्य करितात. पण बापानें ती जमीन मुलास प्रीतीनें दिली कीं नाइलाजानें, हें मोजणीदारास कोणी विचारीत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राशीं निगडित असा एक खरा वाद पाहूं. जॉर्ज लमेत्र हे बेल्जम देशांतील रोमन कॅथलिक धर्मगुरु. १९२३ सालीं त्यांस दीक्षा मिळाली. ते गणितज्ञही होते. विश्व प्रसरण पावत आहे असें त्यांनीं १९२७ सालीं गणितानें मांडिलें, आणि १९३१ सालीं असें सुचविलें कीं, विश्वाचा आरंभ एका आदिकणापासून झाला असावा. इंग्लंडांतील फ्रेड हॉइल यांस हें पटलें नाहीं. विश्वास आरंभ नाहीं, तें स्थिर स्थितींत सदैव आहे, असें मत त्यांनीं व त्यांच्या दोघां मित्रांनीं १९४८ सालीं मांडिलें. आणि पुढील वर्षीं आकाशवाणीवरील भाषणांत लमेत्रांसारख्या मतांस 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हें नांव दिलें. कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेले आपले जयंत नारळीकर हे केंब्रिज येथें याच हॉइलांचे शिष्य झाले. गुरुशिष्यांनीं १९६४ सालीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडिला. पुढें नारळीकरांनीं पुण्यास 'आयुका' ही संस्था उभारिली, मराठींत विज्ञानकथा लिहिल्या, फलज्योतिषाची कसोटी घेतली, व २०२५ सालीं ते निवर्तले.

कोणी म्हणेल, "धर्मगुरूनें आरंभ सांगितला, नास्तिकानें नाकारिला, मग लमेत्र जिंकले कीं उत्पत्तीचें पुस्तक जिंकलें!" रोमच्या पोपसाहेबांनींही १९५१ सालीं या सिद्धांतांत सृष्टीच्या उत्पत्तीस दुजोरा पाहिला. परंतु लमेत्र स्वतः त्यानें प्रसन्न झाले नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे. आस्तिक व नास्तिक दोघेही तो तपासूं शकतात. आणि तसेंच झालें. १९६५ सालीं आकाशाच्या सर्व दिशांकडून येणाऱ्या मंद किरणांचा शोध प्रसिद्ध झाला, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनीं स्थिर विश्वाचें मत सोडिलें. हा निकाल पुराव्यानें लागला, श्रद्धेनें नव्हे. तरीही हॉइल, बर्बिज व नारळीकर यांनीं १९९३ सालीं आपलें मत सुधारून पुन्हां मांडिलें. बहुमत विरुद्ध असतां आपल्या विचाराशीं प्रामाणिक राहणें, हें कोणाही ख्रिस्ती मनुष्यानें शिकण्याजोगें आहे.

उद्यां नवा पुरावा निघाला व विश्वास आरंभ नाहीं असें ठरलें, तर आपण प्रार्थना सोडूं काय? तेराव्या शतकांतील थोमस अक्वायनस या धर्मपंडितानें पूर्वींच सांगून ठेविलें आहे कीं, जगास आरंभ होता हें तर्कानें सिद्ध करितां येत नाहीं. तें विश्वासानेंच कळतें. देव उत्पन्नकर्ता आहे याचा अर्थ घड्याळाचा पहिला ठोका त्यानें दिला एवढाच नाहीं. आज, या क्षणींही, सर्व कांहीं त्याच्या आधारानें उभें आहे, असा त्याचा अर्थ आहे. हें दुर्बिणींतून दिसत नाहीं, आणि दुर्बिणीनें खोटेंही ठरत नाहीं.

आमच्याच रायगड जिल्ह्यांत अलिबाग येथें चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, व त्यांमुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ सालीं ती येथें आणिली. पृथ्वीच्या चुंबकत्वांतील बारीकसा फरकही तेथील यंत्र टिपतें. पण शेजारच्या घरांत कोणी रडत असेल, तर तें त्या यंत्रास कळत नाहीं. हा यंत्राचा दोष नव्हे. तें त्या कामासाठीं केलेलेंच नाहीं. आपल्या भाषेंत विज्ञानासही शास्त्र म्हणतात व देवाच्या वचनासही शास्त्र म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. एकानें दुसऱ्याचें काम करूं नये.

मात्र नास्तिक मनुष्य आपला वैरी आहे असें समजूं नका. डॉ. श्रीराम लागू उघडपणें म्हणत कीं, देवाच्या कल्पनेस आतां निवृत्त करावें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाविषयीं तटस्थ राही, पण देवाच्या नांवानें होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध झगडे. या दोघांनीं गांवोगांवीं लोकांसमोर बसून वादसंवाद केला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांस गोळ्या घालून मारण्यांत आलें. ज्याचा देव सत्य आहे त्यास पिस्तुलाची गरज काय? त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या मनुष्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें त्यानें गुन्हा ठरविलें.

बंधूंनो, हा कायदा इतरांसाठींच आहे असें समजून हंसूं नका. येशूच्या नांवानें तेल विकून औषध बंद करावयास सांगणारे लोक आमच्या मंडळ्यांतूनही फिरतात. खारघर येथें कर्करोगावर संशोधन व उपचार करणारें टाटा स्मारकाचें केंद्र आहे. तेथें जाण्यापासून कोणा बहिणीस प्रार्थनेच्या नांवाखालीं अडविणें म्हणजे विश्वास नव्हे. आजाऱ्यासाठीं प्रार्थना करा, आणि त्याच हातानें त्याची पिशवी उचलून त्यास गाडींत बसवा. लूक स्वतः वैद्य होता, हें विसरूं नका.

मग त्या मुलास काय सांगावें? योहानाच्या नवव्या अध्यायांतील आंधळा आठवा. विद्वानांच्या पुष्कळ प्रश्नांचें उत्तर त्यास येत नव्हतें. जें येत नव्हतें, तें येत नाहीं असें त्यानें सांगितलें. आणि जें आपल्या बाबतींत घडलें, त्यापासून तो मागें हटला नाहीं. आपलीही साक्ष तेवढीच असावी. ज्या ख्रिस्तानें आपल्या बापजाद्यांस ताठ मानेनें उभें केलें, जो दुःखांत आपला सोबती आहे, त्याची ओळख कोणा शास्त्रज्ञाच्या सहीनें झाली नाहीं.

ते उपदेशक पुन्हां त्या घरीं गेले. "मुला, माझा दाखला चुकला होता, मला पुरतें ठाऊक नव्हतें," असें त्यांनीं सांगितलें. मुलगा अजून दर रविवारीं येत नाहीं. पण आतां तो उपदेशकांशीं बोलतो, व आपलीं पुस्तकें त्यांस वाचावयास देतो. सत्यापुढें नम्र झालेल्या मनुष्याचें बोलणें ऐकावेंसें वाटतें. प्रभु आम्हां सर्वांस ही नम्रता देवो.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न:
१. थोर लोकांचीं नांवें सांगून विश्वास बळकट होतो काय?
२. लमेत्र यांनीं आपल्या सिद्धांताचा धर्मासाठीं उपयोग करणें कां टाळिलें?
३. आमच्या गांवांत प्रार्थनेच्या नांवानें कोणाचें औषध बंद झालें आहे काय? मंडळीनें काय करावें?