गाडी रिकामी जाते की आपण मागे राहतो?
आपल्या एसटीच्या फेरीचा अभ्यास आपणच करू



मागच्या पावसाळ्यात आपल्या प्रभागातल्या एका गावची संध्याकाळची एसटी बंद झाली. त्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब पटकन उरकला आणि बाकी सगळा वेळ गाडीवरच गेला. एका ताईंची मुलगी अकरावीला तालुक्याला जाते. ताई म्हणाल्या, "वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही. पोरगी घरी यायला आठ वाजतात. तिचे वडील म्हणतात, दिवाळीनंतर कॉलेज बास."

आम्ही दहा-बारा जणी अर्ज घेऊन आगारात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "त्या फेरीला भारमान नाही." आम्ही एकमेकींकडे बघत बाहेर आलो. खरं सांगते, मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, पण भारमान म्हणजे काय ते मलाही धड माहीत नव्हतं. म्हणून या अंकात त्याचाच धडा.

भारमान म्हणजे काय?

गाडीत जेवढी जागा आहे, त्यातली किती जागा किती अंतरापर्यंत भरली, ते टक्क्यांत सांगणं म्हणजे भारमान. उदाहरण घेऊ. गाडीत 44 आसनं आहेत आणि फेरी 40 किलोमीटरची आहे. 44 गुणिले 40, म्हणजे 1760. गाडी शेवटपर्यंत पूर्ण भरून गेली असती तर एवढा आकडा आला असता.

आता समजा 30 जणी 10 किलोमीटरवर उतरल्या, ते झाले 300. आणि 20 जण शेवटपर्यंत गेले, ते झाले 800. बेरीज 1100. 1760 पैकी 1100, म्हणजे भारमान साडेबासष्ट टक्के.

बघा, पहिले 10 किलोमीटर गाडीत 50 माणसं होती, पाय ठेवायला जागा नव्हती. तरी कागदावर गाडी पाऊण भरलेलीसुद्धा दिसत नाही. म्हणून आपण म्हणतो "गाडी खच्चून भरते" आणि साहेब म्हणतात "भारमान नाही". दोघंही खोटं बोलत नसतात.

तिकिटाच्या मशीनला काय दिसत नाही?

मशीन फक्त चढलेल्या माणसाला मोजतं. जी बाई वाट बघून वडापने गेली, जी चालत गेली, जी दवाखान्यात जायचं टाळून घरीच राहिली, ती मशीनमध्ये येत नाही. गाडीची सगळ्यात जास्त गरज तिलाच असते.

मोठ्या मोजणीतही असंच होतं. 2011 च्या जनगणनेत कामावर कसं आणि किती लांब जाता, हे विचारलं होतं. पण तो तक्ता फक्त 'इतर कामगारां'चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यात नाहीत. म्हणजे खुरपणीला दुसऱ्या गावी जाणारी आपली ताई त्या कागदावर नाहीच.

शिवाय आपला प्रवास सरळ नसतो. सकाळी नोकरीला जाऊन संध्याकाळी परत, असा तो नाही. लेकराला दवाखान्यात दाखवायचं, येताना बँकेत समूहाचा हप्ता भरायचा, रेशनचं काम करायचं आणि गुरांच्या वेळेला घरी यायचं. ऑफिसच्या वेळा धरून गाड्या लावल्या तर दुपारची गाडी बिनकामाची वाटते. आपल्याला तीच लागते.

अर्ध्या तिकिटाबद्दल एक गोष्ट

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. काही जणींना वाटतं, यामुळे महामंडळाचं नुकसान होतं म्हणून गाड्या बंद होतात. सवलतीची उरलेली रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची, अशी ही योजना आहे. त्यामुळे संकोच नको. पण तिकीट घ्यायलाच हवं. "जवळच तर उतरायचंय" म्हणून तिकीट न घेता बसलात तर आपणच आपलं भारमान घालवतो.

अभ्यास कसा करायचा?

आमची चूक आधी सांगते. पहिल्यांदा आम्ही एकच दिवस मोजलं. यादी घेऊन गेलो तर साहेबांनी विचारलं, "हा बाजाराचा दिवस होता ना?" होता. यादी तिथेच निकालात निघाली.

दुसऱ्यांदा नीट केलं. तुम्हीही असंच करा:

1. सलग सात दिवस मोजा. बाजार, सुट्टी, साधा दिवस, सगळं त्यात येतं. पाळ्या लावा, म्हणजे एकीवर भार पडत नाही.

2. गावच्या थांब्यावर आणि तालुक्याच्या स्टँडवर, दोन्हीकडे एकेक जण ठेवा.

3. वहीत पाच रकाने आखा: गाडीची ठरलेली वेळ, आलेली वेळ, किती चढल्या, किती उतरल्या, आणि किती जणी वडापने किंवा चालत गेल्या. शेवटचा रकाना विसरू नका. फेरी बंद असेल तर तो एकच रकाना बोलतो.

4. घरोघरी तीन प्रश्न विचारा. कुठे जाता? किती वाजता निघावं लागतं? गाडी असती तर या महिन्यात कुठे गेला असतात? तिसऱ्या प्रश्नाला बायका आधी हसतात, मग बोलायला लागतात.

5. आकडा वाढवून लिहू नका. एक आकडा खोटा निघाला की सगळी वही खोटी ठरते.

आमच्या वहीतून जे निघालं, ते आम्हालाही माहीत नव्हतं. बंद झालेली गाडी तालुक्याहून पाच वाजता सुटायची. कॉलेज सुटायचं सव्वापाचला. मुली शेवटचा तास बुडवून पळत यायच्या, नाहीतर गाडी चुकायची. बँकेत, दवाखान्यात गेलेल्या बायकांचंही तेच. माणसं होती, गाडीची वेळ चुकलेली होती.

कागद कुठे द्यायचा?

ग्रामसभेचा ठराव घ्या. ठराव, मोजणीचा तक्ता आणि अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, एक प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोहोच घ्यायला विसरू नका. फेरीचं भारमान किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर साधारण 30 दिवसांत द्यावं लागतं.

अर्जात "गाडी सुरू करा" एवढंच लिहू नका. "पाचऐवजी पावणेसहाला सोडा, या थांब्यांवरून साधारण एवढे प्रवासी मिळतील" असं लिहा. समोरच्याला निर्णय घ्यायला सोपं जातं.

आमची फेरी पावणेसहाच्या वेळेने दोन महिन्यांसाठी चाचणी म्हणून सुरू झाली आहे. कायम झालेली नाही. दोन महिन्यांनी पुन्हा भारमान बघणार आहेत, म्हणून आमची वही अजून चालू आहे. वडापवाला आता स्टँडवर पाचलाच येऊन उभा राहतो आणि ओळखीच्या बायांना हाक मारतो. त्याचंही पोट आहे, हे कळतं. पण गाडी टिकवायची तर पाऊण तास थांबावं लागेल, हे बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

दिवाळी होऊन गेली. त्या ताईंची मुलगी अजून कॉलेजला जाते.

पुढच्या बैठकीसाठी काम

समूहातल्या प्रत्येकीने गेल्या आठवड्यातले आपले सगळे प्रवास आठवून सांगायचे: कुठे, कशाने, किती पैसे, किती वेळ वाट पाहिली. सचिव ताईंनी ते वहीत लिहावं. आणि एक प्रश्न सगळ्यांनी मिळून बोलायचा: गाडी नाही म्हणून आपण कुठे जाणं सोडून दिलं?

तुमच्या वह्या घेऊन या. बेरीज-गुणाकार सोबत बसून करू.