रुप्याचे सूक्ष्म कण आणि पिण्याचे पाणी

गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी व जायकवाडी धरणाचा फुगवटा आहे. वर लासूरच्या बाजूस काळ्या खडकातील विहिरी आहेत. पाणी कोठलेही असो, पहिल्या पावसाबरोबर उकिरड्याचा निचरा त्यात उतरतो आणि जुलाब-हगवणीने प्रथम घरातील लहान मूल अंथरूण धरते. अशा पाण्यातील जंतू मारण्यासाठी रुप्याचे नॅनो कण बसविलेली गाळणी निघाली आहे. ती विकत घेण्यापूर्वी तिचा गुण व मर्यादा समजून घेणे इष्ट होय.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रुपे इतके बारीक केले म्हणजे अल्प वजनातही पाण्याला लागणारा त्याचा पृष्ठभाग अफाट वाढतो. या कणांपासून सुटलेले विद्युद्भारित रुपे जंतूच्या प्रथिनांतील गंधकास चिकटते. जंतूचे आवरण बिघडते व तो मरतो. तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवण्याच्या जुन्या रीतीतही धातूचा असाच गुण आहे.

पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी तयार झाली होती. पुढे अशा राखेवर रुप्याचे नॅनो कण बसवून २००९ साली ‘टाटा स्वच्छ’ हे साधन बाजारात आले. (ही राख विशेष रीतीने केलेली असते; चुलीतील राख चालणार नाही.) त्यास वीज लागत नव्हती, नळही लागत नव्हता. सुमारे ३००० लिटर पाणी गाळून झाले की आतील नळकांडे आपोआप बंद पडावे, अशी त्यात योजना होती. ती फार मोलाची, कारण शक्ती संपलेली गाळणीही नितळच पाणी देते आणि घरची माणसे निर्धास्त राहतात.

गढूळ पाण्यात रुप्याचा प्रभाव उणावतो. म्हणून पाणी तुरटीने निवळून, दुहेरी फडक्यातून गाळून मगच ओतावे. विषाणू व आमांशाच्या अमीबाचे कोष यांवर रुप्याचा भरवसा धरू नये. खतांतून विहिरीत उतरलेले नायट्रेट तर त्याने मुळीच जात नाही. रुप्याचे द्रावण अंदाजाने हंड्यात टाकणेही योग्य नव्हे; भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक रुपे असू नये.

तेव्हा घरोघरी गाळणी आली तरी गावच्या टाकीतील टी.सी.एल. पावडर बंद करता येत नाही. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर १००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम पुरते. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी तेवढी टाकीत सोडावी व निदान अर्धा तास पाणी वाटू नये.

गाळलेले पाणी तोटीच्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे; माठ असल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, कारण हात बुडाला की गाळण्याचे श्रम वाया जातात. जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी टाकीजवळ उरकू नये. ती वस्तीच्या शेवटच्या घरी घ्यावी, आणि तेथे पिवळा रंग न आल्यास पावडरची मात्रा व वाटेतील गळती त्याच दिवशी तपासावी.